रक्ताचा वस्तरा वेगळा

देवळाली कॅम्प,
सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४

गेणूदादा,

थोरल्या भावाला लिहिताना वर 'तीर्थस्वरूप' आणि 'साष्टांग नमस्कार' घालायची रीत मला ठाऊक आहे. पण बारा वर्षं ज्याचं तोंड बघितलं नाही त्याला साष्टांग घातला तर तो खोटा पडेल. नुसता नमस्कार घे.

फोन का नाही केला म्हणशील, तर केला होता. गेल्या दिवाळीला दोनदा आणि यंदा पोळ्याला एकदा. माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात धरावं लागतं, म्हणून हा उद्योग. सोमवारी दुकान बंद असतं, वेळ आहे. अक्षर वाकडं आलंय ते वयाने नाही, हाताने.

हाताचंच सांगायचंय. जूनपासून माझ्या उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. आधी पहाटे यायच्या, हात झटकला की जायच्या. आता दिवसभर असतात. वस्तरा हातात आहे की सुटला हे हाताला कळत नाही, डोळ्यांनी बघून खात्री करावी लागते. गणपतीच्या आधी एका हवालदाराच्या कानाची पाळी कापली. माणूस सैन्यातला, हूं की चूं केलं नाही. उलट मलाच म्हणाला, "होता है, उस्ताद." पुढच्या रविवारी तो समोरच्या दुकानात बसलेला दिसला. तेव्हापासून मी दाढ्या बंद केल्यात. नुसती मशीन चालवतो, आणि मशीन धरली की मुंग्या दुप्पट होतात.

हॉस्पिटलात दाखवलं. त्यांनी हाताला करंट देऊन तपासणी केली आणि सांगितलं, मनगटात नस दबलीय. मी पंधरा वर्षं ती थरथरती मशीन धरून जवानांची डोकी भादरतोय, रविवारी तर चाळीस-चाळीस. नस दबणार नाही तर काय होणार? रात्री मनगटाला बांधायला पट्टा दिलाय. त्याने भागलं नाही तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर काही आठवडे वस्तरा बंद. माझ्या दुकानात खुर्ची एक आणि हात एक. हा हात गेला तर मी गेलो, इतकं सरळ आहे.

तू आता हसत असशील. बारा वर्षांपूर्वी सायखेड्याच्या घाटावर, सगळं गाव बघत असताना, मी आबांची धोकटी गोदावरीत फेकली. आबांची तुंबडी लावायची तीन शिंगं, पितळी वाटी, त्यांचा वस्तरा, सगळं तिच्यात होतं. तू आबांच्या मागे तेच काम चालवत होतास, लोकांच्या दुखऱ्या अंगावर फासण्या मारून तुंबडीने नासकं रक्त ओढायचं. यशोदाबाईच्या हातात त्यानेच पू झाला, तिची दोन बोटं कायमची वाकडी झाली, म्हणून मी ती धोकटी फेकली. आणि तू पायरीवर उभा राहून म्हणालास, "ज्या हातानं बापाचं फेकलंस, तो हात उद्या तुला वळखायचा नाय."

तर आधीच सांगून ठेवतो. शाप लागला म्हणून पारावर बसून मिशीला पीळ देऊ नकोस. शापबिप काही नाही, मशीन आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय, कागद माझ्याकडे आहे.

नवनाथ

—

देवळाली कॅम्प,
सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

गेणूदादा,

उत्तर आलं नाही. आलं असतं तर मीच घाबरलो असतो.

तुला अजून हसायचं बाकी आहे, म्हणून सांगतो. मी रक्त काढून घेणार आहे. हो, मीच. रोहिणीने ओढून नेलं. तुझी भावजय एकदा पदर खोचून निघाली की आपण काय करणार? इंदिरानगरात एक वैद्य आहेत, डॉ. हर्षाली. तिशीची पोर, पण आयुर्वेदाची मोठी पदवी घेतलेली. त्याला रक्तमोक्षण म्हणतात. आबा ज्याला 'नासकं काढतो' म्हणायचे तेच, पण बोर्डावर लिहिलं की शब्द लांब होतात.

तुझं खरं झालं असं मात्र समजू नकोस. तिने पहिल्याच भेटीत बजावलं, "काका, हे जोडीला आहे, ऐवजी नाही. रात्रीचा पट्टा सोडायचा नाही. आणि अंगठ्याखालचं मांस उतरायला लागलं तर मी एक थेंब काढणार नाही, सरळ सर्जनकडे पाठवीन." रक्ताच्या चार तपासण्या करून आणायला लावल्या. साखर, हिमोग्लोबिन, कावीळ, आणखी एक. आबांनी कधी कोणाचं रक्त तपासलं होतं का? पापणी ओढून बघायचे, नखं दाबून बघायचे, झालं. मी तिला तोंडावर विचारलं, याने बरं होईल याची गॅरंटी काय. म्हणाली, गॅरंटी नाही, काही जणांना मुंग्या आणि दुखणं कमी होतं, काहींना होत नाही, आणि दबलेली नस याने सुटते असं मी म्हणणार नाही. मला तिचा राग आला आणि विश्वासही बसला. तुम्ही लोक 'हमखास' म्हणायचात.

एका गोष्टीने मात्र माझं डोकं फिरलं. दुखतंय मनगट, तर मला वाटलं मनगटावर लावेल. तिने बोट ठेवलं मानेखाली, खांद्याच्या मागच्या मांसावर. आबाही हात बधिर झालेल्या माणसाला तिथेच लावायचे आणि एक कोपराखाली. तिला कुठे शिकलीस असं विचारलं असतं तर ती पुस्तकाचं नाव सांगणार, आणि आबांना तर सही करतानाही अंगठा लागायचा. ती म्हणाली, शरद ऋतू यासाठी चांगला. आबाही दसऱ्यानंतरच धोकटी उघडायचे हे मला आठवलं.

काल भाऊबीज होती. रोहिणीला तिच्या भावाने साडी आणली. आपल्याला बहीण नाही. असती तर तिने आपल्या दोघांना एका पाटावर बसवलं असतं, असं रोहिणी म्हणते. मी म्हटलं, तिने आधी पाट दोन मांडले असते.

नवनाथ

—

देवळाली कॅम्प,
सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

गेणूदादा,

दोनदा करून झालं. पहिल्यांदा सांगण्यासारखं काही नाही, पालथा पडून भिंतीकडे बघत होतो. कपाला हाताने ओढायचा छोटा पंप असतो, तोंडाने ओढायचं नाही. कातडी वर फुगते. मग डॉ. हर्षाली बारीक फासण्या मारते आणि पुन्हा कप लावते. मुंगी चावल्याइतकंच कळतं. रक्त दाटसर, काळपट निघालं. बाकी पेशंट बघत नाहीत, मी मान वळवून बघितलं. आपल्या घरात जन्मलेल्याला त्याचं काय?

फरक पडला. खोटं बोलत नाही, अकरा दिवस पहाटे झोप लागली. हाताचं दुखणं निम्म्यावर आलं. सकाळी शर्टाची गुंडी माझी मी लावली आणि रोहिणीला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, लहान मुलं दाखवतात तशी दाखवू नका. बाराव्या दिवशी मुंग्या परत आल्या, पण थोड्या कमी. आता तू म्हणशील मी सांगत होतो. सांगत होतास, पण तुझ्या सांगण्यात पट्टा नव्हता, तपासणी नव्हती आणि करंटची चाचणी नव्हती. हात मी पट्ट्याने आणि रक्ताने मिळून सांभाळतोय. अर्धं श्रेय घे, पुरं मिळणार नाही.

दुसऱ्या वेळेला डॉ. हर्षालीने माझा कागद भरताना विचारलं, काका, हे आधी कधी करून घेतलंय का. मी म्हणालो, "करून घेतलं नाही. केलंय, एकदा." ती हसली आणि म्हणाली, कोणाला? मी म्हणालो, गावाकडे, जुनी गोष्ट आहे. मग तिने ब्लेडचं पाकीट माझ्यासमोर फाडलं. म्हणाली, प्रत्येक पेशंटला नवं, तुम्ही डोळ्यांनी बघावं म्हणून समोर फाडते. काम झाल्यावर ते ब्लेड तिने पिवळ्या डब्यात टाकलं आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.

मला तिथे गरगरलं. ती समजली रक्त बघून. तिने पाय वर करायला लावले, साखरपाणी दिलं. एका न्हाव्याच्या पोराला रक्त बघून चक्कर आली असं तिच्या त्या मदतनीस बाईने बाहेर जाऊन सांगितलं असणार. सांगू दे.

आणखी एक. रोहिणीने ओढून नेलं असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. तीन सोमवार मी एकटाच इंदिरानगरात जाऊन त्या बोर्डासमोर उभा राहून परत आलो होतो. चौथ्या सोमवारी रोहिणीने पँटच्या खिशात दवाखान्याचं कार्ड बघितलं.

पुढचं आज लिहवत नाही. हात दुखतोय.

नवनाथ

—

देवळाली कॅम्प,
सोमवार, १६ डिसेंबर २०२४

गेणूदादा,

हात दुखतोय म्हणून थांबलो होतो हेही खोटं होतं. न्हाव्याचा उकिरडा उकरावा तितके केसच निघतात, तसं माझं झालंय. एक खोटं उपसलं की खाली दुसरं.

आधी हाताचं. चौथ्या वेळेला गेलो तर हर्षाली मॅडमनी कप बाहेर काढलेच नाहीत. माझे दोन्ही तळहात शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, बघा. उजव्या अंगठ्याखालची गादी बसलीय. डावीकडे फुगीर, उजवीकडे सपाट. मला ते महिन्याभरापासून माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी त्यांच्यासमोर तळहात उघडतच नव्हतो. मी म्हणालो, अजून दोनदा करा, दुखणं थांबलंय की. त्या म्हणाल्या, दुखणं थांबलं म्हणून नस सुटली असं नाही, मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी भांडलो. तुम्हाला तुमच्या विद्येवरच भरवसा नाही, असंही बोलून गेलो. त्यांनी शांतपणे सर्जनच्या नावाची चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, "काका, कुठे थांबायचं हे माहीत असणं हीच विद्या."

मी चिठ्ठी घेऊन बसस्टॉपवर बसलो. दोन बस सोडल्या. आबा हेच सांगायचे, आणि तुला आठवत असेल ते किती वेळा सांगायचे. जखम वाहती असेल तर तुंबडी नाही. पोटुशी बाई असेल तर नाही. ताप असेल तर नाही. आणि सगळ्यांच्या वर, रक्ताचा वस्तरा वेगळा, दाढीचा वेगळा. रक्ताचा तो लाल फडक्यात, तेल लावून, धोकटीच्या तळाला. त्याने कधी कोणाची दाढी करायची नाही आणि दाढीच्या वस्तऱ्याने कधी रक्त काढायचं नाही. आबांना जंतू माहीत नव्हते, पण हे माहीत होतं.

आता सांगतो. तुला माहीतच आहे, पण मी कधी बोललो नाही, म्हणून लिहून देतो.

त्या चैत्रात मी जत्रेला आलो होतो. तू निफाडला लग्नातल्या कामाला गेला होतास. यशोदाबाई तुंबडीच्या ठरल्या दिवशी आली. द्राक्षाच्या बागेत कात्री चालवून तिचा हात बधिर व्हायचा, तू तिला तीनदा लावली होतीस आणि तिला उतार होता. मी म्हटलं, बसा, मी लावतो. कॅम्पात माझी स्वतःची खुर्ची होऊन तीन वर्षं झाली होती, अंगात मस्ती होती. धोकटी खुंटीवरच होती. मी शिंग आणि वाटी तेवढी काढली. लाल फडकं सोडलंच नाही. म्हटलं, आबांच्या त्या गंजक्या पात्याला काय धार असणार, माझा कॅम्पातला वस्तरा बरा. तो माझ्या खिशात होता. सकाळपासून जत्रेला आलेल्या चौदा जणांच्या दाढ्या मी त्याने केल्या होत्या. ब्लेड बदललं नव्हतं.

चौथ्या दिवशी तिचा हात कोपरापर्यंत सुजला. गावाने तुझं नाव घेतलं, कारण तुंबडी म्हटलं की तूच. तू काही बोलला नाहीस. मी कॅम्पात होतो, मीही बोललो नाही. ती दवाखान्यातून वाकडी बोटं घेऊन परत आली त्या दिवशी घाटावर माणसं जमली. साळूबाई सरपंच म्हणाल्या, धोकटी आणा, बघू तरी काय हत्यारं वापरतो हा. दादा, त्या धोकटीत आबांचा वस्तरा लाल फडक्यात तसाच होता, तेल न पुसलेला. कोणी तो सोडून बघितला असता तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं की त्याने त्या दिवशी रक्त काढलेलं नाही. मग दुसरा कोणाचा, असा प्रश्न आला असता.

म्हणून मी धोकटी तुझ्या हातातून ओढली. म्हणून फेकली. अंधश्रद्धा, अडाणीपणा, एकविसावं शतक, ती सगळी बडबड नंतर सुचली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी भर घाटावर मारल्या, आणि लोकांनी मला शहाणा म्हटलं.

माफी मागतो असं लिहिणार होतो. लिहून खोडलं. पोस्टाने माफी पाठवणं मला जमणार नाही. पण मी जे केलं ते मी केलं, हे तुझ्याजवळ आता माझ्या अक्षरात आहे. गावात वाचून दाखवायचं तर दाखव. मी नाकारणार नाही.

नवनाथ

—

देवळाली कॅम्प,
सोमवार, १३ जानेवारी २०२५

गेणूदादा,

काल तू मान वर केली नाहीस. मीही काल तुझ्यापाशी आलो नाही. त्याचं कारण लिहितो.

साळूबाई गेल्याचं मला गावाच्या ग्रुपवर कळलं. दशक्रिया रविवारी सकाळी आठला घाटावर, असं लिहिलं होतं. रविवार म्हणजे माझी चाळीस डोकी. मी दुकानाला कुलूप लावलं आणि पहिल्या बसने निघालो. रोहिणी म्हणाली, मी येते. मी म्हटलं, नको, मार पडला तर एकट्याला पडू दे.

तू खालच्या पायरीवर बसला होतास. साळूबाईचा थोरला तुझ्यासमोर डोकं वाकवून होता आणि तुझा वस्तरा त्याच्या टाळूवर अर्ध्यात आला होता. बारा वर्षांत तुझा हात हलला नाही, दादा. एका ओढीत कपाळापासून मानेपर्यंत. मी तेच बघत राहिलो.

वर मंडपात भाषणं चालली होती. कोणी म्हणालं साळूबाईंनी पाण्याची टाकी आणली, कोणी म्हणालं रस्ता आणला. माईकवाला 'अजून कोणाला श्रद्धांजली वाहायची आहे का' म्हणाला, तेव्हा मी उठलो. दोघांनी ओळखलं आणि कुजबुज सुरू झाली. मी माईक डाव्या हाताने धरला, उजव्याचा भरवसा नाही.

जे बोललो ते तू ऐकलंस, पण माणसं आपापल्या परीने सांगतील म्हणून लिहून ठेवतो. मी म्हणालो, "साळूबाईंनी बारा वर्षांपूर्वी याच घाटावर विचारलं होतं, हत्यार दाखवा. ते मी दाखवू दिलं नाही. यशोदाबाईच्या हातावर वस्तरा गेणूदादाचा नव्हता, माझा होता. दाढ्या केलेला, न बदललेल्या ब्लेडचा. त्या दिवशी दादा गावात नव्हता. त्याचं नाव खराब झालं ते माझ्यामुळे. बाईंना उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते आज देतो."

कोणीतरी मागून ओरडलं, दहाव्याला हे काय काढलं. मी म्हटलं, अकराव्याला तुम्ही जमणार नाही म्हणून आज काढलं. भटजींनी घसा खाकरला. मी खाली उतरलो. तुझा वस्तरा थांबला होता का, ते मी बघितलं. थांबला नव्हता. तू टाळू पूर्ण केलीस, पाणी लावलंस, कानामागून पुसलंस आणि पुढच्याला बस म्हणालास.

मी तुझ्याकडे यायला निघालो तेव्हा यशोदाबाईने माझा दंड धरला. तिच्या त्या वाकड्या बोटांनीच. मी तिच्या पायाशी बसणार होतो, तिने बसू दिलं नाही. मी म्हटलं, मावशी, मला शिव्या द्या. ती म्हणाली, "शिव्या तवाच दिल्या, लय दिल्या, दवाखान्यात पडून. कोनी कापलं हे मला नाय ठावं व्हय? डोळं काय मिटलं नव्हतं म्या."

मला हे इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं, दादा. तिला तर माहीतच होतं. मग ती का बोलली नाही? मी विचारलं.

ती म्हणाली, "गेणू आला व्हता दवाखान्यात. म्हनला, बाई, नाव माझंच राहू द्या. त्याची नवी खुर्ची हाय, एकदा मिल्ट्रीवाल्यांच्या कानावर गेलं तर कुत्रं फिरकायचं नाय त्याच्याकडं. म्या म्हनलं, आन तुझं रं? तर म्हनला, मला दहाव्याचा घाट हाय, तिथं कोनी हाताची चौकशी करत नाय."

तिने हे सांगितलं आणि ती पिंडाकडे निघून गेली. कावळा शिवत नव्हता म्हणून सगळे तिकडे बघत होते.

मी तिथून तुझ्याकडे येऊ शकलो नाही. मला वाटत होतं मी मोठं काही केलं, भर घाटावर माईक धरला, आता दादाने निदान बघावं. मी कबुली द्यायला आलो होतो आणि तू मला बारा वर्षांपूर्वीच माफ करून बसला होतास, वर तुझ्या पोटाचा धंदाही देऊन. मी धोकटी फेकली तेव्हा आत काय आहे हे तुलाही माहीत होतं. तू ती मुद्दाम सोडलीस. मला उगाच वाटत राहिलं की मी ओढली. मला तुझा इतका राग आला की मी तसाच बसमध्ये जाऊन बसलो आणि नाशिक रोडपर्यंत रडलो. शेजारची बाई विचारत होती, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, सगळे आहेत.

आता माझं ऐक. चिठ्ठी घेऊन सर्जनकडे जाऊन आलो. ऑपरेशन येत्या सोमवारी, वीस तारखेला, सकाळी दहाला. फक्त हात बधिर करतात, अर्ध्या तासाचं काम. उशीर केलात, पण हात बराचसा येईल म्हणाले. हर्षाली मॅडम म्हणाल्या, जखम भरली की या, बोटांचा व्यायाम मी शिकवते. हा हात आता मला हवाच आहे, आणि दुकानात दुसरी खुर्ची टाकायची आहे. ती कोणासाठी हे मी लिहिणार नाही, तू तोंडावर नाही म्हणायला मोकळा राहा.

हॉस्पिटलात नातेवाइकाची सही लागते. रोहिणीची चालते, ती तयारही आहे, हे मला माहीत आहे. मी तिथल्या बाईंना सांगून आलोय की माझा थोरला भाऊ येईल आणि तोच सही करेल. त्या म्हणाल्या, पत्नी आहेत ना. मी म्हटलं, आहेत, पण हा हात ज्याने इतकी वर्षं चालवला त्याला विचारल्याशिवाय कापायचा नाही.

रोहिणी डोक्याला हात लावून बसलीय. बसू दे. तू आला नाहीस तर मी टेबलावर चढणार नाही, आणि का चढत नाही असं जो विचारेल त्याला तुझं नाव आणि गावाचा पत्ता सांगेन. सोमवारी दहावं निघालं असेल तर त्यांना दुसरा माणूस बघायला सांग.

माफ केलं असशील तरी ये. राग असेल तर राग घेऊन ये.

तुझा धाकटा,
नवनाथ